तिसऱ्या रविवारची भिशी

पत्र :

ताई, मी एकेचाळीस वर्षांचा आहे. ऐरोलीला राहतो, महापेला नोकरी. घरी बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. लहानपणापासून मला साडी नेसावीशी वाटते. का, ते मला सांगता येत नाही. पुरुष असण्याबद्दल तक्रार नाही, बायकोवर प्रेम आहे, फक्त अधूनमधून साडी नेसून शांत बसावंसं वाटतं. दोन वर्षांपूर्वी बायकोला सांगितलं. ती महिनाभर बोलली नाही. मग म्हणाली, "घरात नको, मुलीसमोर नको, आणि मला फसवू नका."

गेल्या वर्षी माझ्यासारख्यांची ओळख झाली. आम्ही स्वतःला सीडी म्हणतो, म्हणजे क्रॉसड्रेसर. खारघरला एकाच्या फ्लॅटवर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आठ-नऊ जण जमतात. वॉचमनला भिशी म्हणून सांगितलंय. मला वाटलं होतं, इथे मन मोकळं करता येईल. पण तिथे नुसत्या पिना, ब्लाउज, मालिकेतल्या सुनेच्या साड्या आणि थट्टा. पहिल्याच वेळी मी विचारलं, "तुम्हाला अपराधी वाटत नाही का?" सगळे गप्प झाले. मग एकजण म्हणाली, "अगं आधी भजी खा, गार होतायत."

दुसऱ्या वेळी मी इरकल नेसून, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. तर दुसरी म्हणाली, "काय मावशी, हळदीकुंकवाला आलात की तेराव्याला?" सगळ्या हसल्या. सातवीत स्नेहसंमेलनात मी गौळणीतली मावशी केली होती. त्यानंतर दहावीपर्यंत अख्खी शाळा मला त्याच नावाने हाक मारायची, डबा लपवायची, पाठीवर खडूने लिहायची. मी आत जाऊन कपडे बदलले आणि कुणाला न सांगता तिथून निघाले. ग्रुपमधूनही बाहेर पडलो. तीन महिने झाले. इरकल जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकायला दोनदा खाली नेली आणि परत आणली.

बायको अजून विचारते, "तीन-तीन तास करत होतात काय तिथे?" "गप्पा" म्हटलं की माझ्याकडे नुसती बघते. हा काही आजार आहे का, उद्या वॉचमनने पोलीस बोलावले तर काय, असंही विचारते. मला मित्र हवे होते की औषध, हेच कळेनासं झालंय. परत जाऊ का?

ता. क. माझे खांदे रुंद आहेत. ब्लाउज कसा शिवून घ्यावा? प्रश्न फालतू आहे, उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

— एक वाचक, ऐरोली

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दाशी अडखळले. पत्रभर तुम्ही 'बसलो होतो', 'बाहेर पडलो' असं लिहिलंय. एकाच जागी लिहिलंय, "कुणाला न सांगता तिथून निघाले." हात घसरला असेल तर तो शब्द खोडू नका. आणि मुद्दाम लिहिला असेल तर तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देऊन ठेवलंय.

आपली भाषा या बाबतीत मोठी चौकस आहे. 'मी' म्हणून तोंड उघडलं, की क्रियापद लगेच विचारतं, बाई की बुवा? आलो की आले? दमलो की दमले? बंगाली माणसाला हा प्रश्न पडत नाही, त्याच्या क्रियापदाला लिंगच नसतं. मराठी माणसाची मात्र दिवसातून शंभर वेळा हजेरी लागते. (मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणतेय, त्यात रीत आहेच, पण सोयही आहे. 'तुम्ही आलात' बाईलाही चालतं आणि बुवालाही.)

आता त्या खारघरच्या खोलीत काय चालतं ते बघा. "उशीर केलास गं." "अगं, ठाण्याहून पनवेल लोकल मिळेल तर ना, तुर्भ्याला अर्धा तास उभी होते." "बस, पाणी घे." यात विषय काय आहे? काहीच नाही. पण ठाण्याहून आलेल्या त्या बाईने महिनाभर ऑफिसात, लिफ्टमध्ये, सासुरवाडीला 'उभा होतो' म्हणून काढले असतात आणि आज ती एकदाची 'उभी होते' म्हणाली. साडी सहा वार पुरते. हे असले शब्द तीन तास पुरवायचे, तर गप्पा हलक्याच लागतात. गाडी चुकली, चहा गोड झाला, टाच दुखते, हा फॉल कुणी लावून दिला. जितकं क्षुल्लक बोलणं तितकी क्रियापदं जास्त.

आणि तुम्ही काय विचारलंत? अपराधी वाटतं का. त्याचं खरं उत्तर द्यायचं तर माणसाला मागे जावं लागतं. मी आठवीत होतो, आईच्या कपाटापाशी उभा होतो, वडिलांनी पाहिलं. सगळं 'होतो'. दहा मिनिटांपूर्वी कुठे त्या 'होते' झाल्या होत्या आणि तुम्ही त्यांना परत शाळेच्या पॅंटमध्ये उभं करत होतात. भजी पुढे केली ती तुम्हाला टाळायला केली असं मला वाटत नाही. खोली राखायला केली असावी. तुम्ही नवीन होतात, तुम्हाला ते कळायचं कारण नव्हतं.

हे मी इतक्या ठामपणे सांगतेय त्यालाही कारण आहे. माझा मामा कुडाळकडच्या एका दशावतारी कंपनीत स्त्रीपार्टी करायचा. तारामती, द्रौपदी, कधी एखादी मोहिनी. कंपनी चाकरमान्यांसाठी मुंबई-ठाण्यात यायची तेव्हा मामा आमच्या कोपरीच्या चाळीत उतरायचा, आणि मी नऊ-दहा वर्षांची, त्याच्या मागे लागून रंगपटात जाऊन बसायचे. मधे तो मोठा पेटारा, भोवती सात-आठ पुरुष मांडी घालून, प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढा आरसा. दशावतारात आपापलं तोंड आपणच रंगवायचं असतं. मामा दाढी दोनदा करायचा, एकदा वरून खाली, एकदा उलटी. मग सफेदा खोबरेलात कालवून लावायचा, आणि ओठांच्या वरची हिरवट झाक तरीही दिसत राहिली की चिडायचा. शेजारचा राजपार्टी म्हणायचा, "मेल्या, दाढी केलंस की भात कापलंस?"

बाकी बोलणं काय, तर बांगडा काय भावाने गेला, कोण रात्रभर घोरतो, कुणाच्या म्हशीने लाथ मारली. अर्ध्या तासाने तारामती रोहिदासाला मांडीवर घेऊन रडणार आणि समोरच्या बायका पदर तोंडाला लावणार, आणि तारामती आत्ता म्हशीच्या लाथेवर खिदळतेय. मला तेव्हा ते विचित्र वाटायचं. एक गोष्ट मात्र त्या वयातही लक्षात आली होती. निऱ्या खोचून होईपर्यंत मामाला सगळे 'रे' म्हणायचे. पदर खांद्यावर गेला, की 'गो'. "गो, माझी पिन खंय गेली?" कुणी ठरवलेलं नव्हतं. पहाटे साडी सुटली, की पुन्हा 'रे'.

पण मामाचं आणि तुमचं एक नाही, हेही सांगते. वर्तमानपत्रात हल्ली कुणी साडी नेसणाऱ्या पुरुषाबद्दल लिहायला बसलं, की दुसऱ्या ओळीत बालगंधर्व येतात. येऊ देत. त्यांच्या साडीची आणि अंबाड्याची नक्कल पुण्या-मुंबईच्या बायका करत होत्या, ते खरंच आहे. तुमच्या वाशीत ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सीतेचं काम करायला बाई नव्हतीच. शिमग्यात कोकणात गोमू नाचते तीही पुरुषच असते. पण या सगळ्यांना प्रेक्षक आहे, बिदागी आहे, आणि पहाटे उतरवायची मुभा आहे. नाच्याच्या भूमिका गाजवलेल्या गणपत पाटलांना तर ती मुभाही लोकांनी नीट दिली नाही, पडद्याबाहेरही त्यांना त्या भूमिकेवरून हिणवलं. तुम्ही नेसता ते कुणी बघावं म्हणून नाही. तुमच्या रविवारी पडदा उघडायचाच नसतो. तुमच्याकडे आहे तो नुसता रंगपट. म्हणून त्या आठ-नऊ जणी इतक्या मोलाच्या आहेत.

आता 'मावशी'.

त्या बाईंचं चुकलं. नवीन आलेल्या माणसाला दुसऱ्याच भेटीत नाव ठेवू नये, मग ठेवणारीच्या अंगावरही साडी असली तरी. आपल्याकडे नव्या सुनेचीसुद्धा थट्टा करतात, पण आधी तिला चार दिवस घरात वावरू देतात. हे मी तुमच्या बाजूने म्हणतेय. आणि आता दुसरी बाजू : 'तेराव्याला' वाचून मला हसू आलं. दोन्ही खांद्यांवर पदर गुंडाळून कोपऱ्यात बसलेलं माणूस डोळ्यांपुढे उभं राहिलं. ते वाक्य तुमच्या चेहऱ्याबद्दल होतं, तुमच्या साडी नेसण्याबद्दल नव्हतं. शाळेतली पोरं हसत होती ती 'हा आपल्यातला नाही' म्हणून. ही हसली ती तुम्ही आपल्यातल्या असूनही पाहुण्यासारख्या बसलात म्हणून. दोन हसण्यांमधलं अंतर एवढं मोठं असताना शब्द मात्र नेमका तोच निघाला, हे तुमचं दुर्दैव आणि तिचं अज्ञान.

शिवाय गौळणीतली मावशी काय चीज असते ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही ती केलीय. डोक्यावरून पदर, कमरेवर हात, कधी मिशीसकट. कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात तेव्हा गवळणी लाजतात, उलट बोलते ती मावशी. सगळ्या गौळणीत सगळ्यात तिखट जीभ तिची. शाळेतल्या पोरांनी तुम्हाला तिचं नाव लावलं आणि तिची उत्तरं काढून घेतली. त्या दिवशी खारघरला एक उत्तर तोंडावर यायला हवं होतं. "तेराव्यालाच आले गं, तुझ्या ब्लाउजच्या मापाचं." नाही आलं. माझंही कधी वेळेवर येत नाही, रात्री दोन वाजता येतं.

माझं म्हणणं असं, की परत जा, पण आधी त्या एकीलाच निरोप पाठवा. ग्रुपवर नको, तिथे माफीचा कार्यक्रम होतो आणि सगळ्यांचे चेहरे पडतात. साधं लिहा : "त्या दिवशी न सांगता गेले. 'मावशी' सोडून काहीही म्हण, त्या नावाने शाळेत फार छळलंय. तेराव्याचं कबूल. रविवारी येऊ?" एवढंच. कारण एका ओळीत, आणि शेवटी प्रश्न. 'गेले' लिहा, 'गेलो' नको.

ती काय करते त्यावरून पुढचं कळेल. 'अगं सॉरी, ये ना' म्हणाली आणि पुन्हा तो शब्द काढला नाही, तर मैत्रीण मिळाली. चेष्टा करून पुन्हा तेच म्हणाली, तर ती मैत्रीण नव्हे, साडी सारखी असली म्हणून सोसायचं कारण नाही. मग तिला सोडा, बाकीच्या सात उरतातच.

आणि गेल्यावर बोलायचं काय, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. कोपऱ्यात बसू नका, हाताला काम घ्या. पुरुषांना समोरासमोर बसून मैत्री करता येत नाही, नजर कुठे ठेवायची ते कळत नाही. एखादीच्या निऱ्या धरायला खाली बसलं, की आपोआप बोलणं होतं. निऱ्या धरणारीने खालून कडा सारख्या करायच्या, नेसणारीने वरून खोचायच्या, मधे बोलायला भरपूर वेळ. चहा टाका. भजी तळा, म्हणजे पुढच्या वेळी गार होऊ न देण्याची जबाबदारी तुमची. आणि विचारा. ही पिन कुठली, दाढीची झाक कशी घालवलीस. यावर तर त्या तुम्हाला तासभर ऐकवतील. (फाउंडेशनच्या आधी नारिंगी करेक्टर लावतात, तो हिरवी-निळी झाक मारतो. मामाला हे ठाऊक असतं तर त्याची निम्मी चिडचिड वाचली असती.)

मागे तुमच्यासारख्याच एका बाईंचं पत्र आलं होतं, ठाण्याचंच. त्यांनी टेलरला सांगितलं होतं, नाटकात काम करतोय, म्हणून बायकी ब्लाउज हवा. टेलर हौशी निघाला. दर वेळी विचारायचा, प्रयोग कधी? या म्हणायच्या, तालमी चालू आहेत. तीन वर्षं तालमी चालल्या. शेवटी टेलर म्हणाला, "साहेब, गडकरी रंगायतनला लागलं की दोन पास ठेवा, मिसेसला पण आणतो." हा किस्सा त्यांनी त्यांच्या मैत्रिणींना सांगितला तेव्हा एकीला हसता हसता ठसका लागला आणि विग बशीत पडला. लिहिलं होतं, "त्या दिवशी पहिल्यांदा टेलरची भीती गेली." अपराधी वाटतं का, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

त्याच बाईंच्या मंडळात कोट्टंकुलंगऱ्याला जायचे बेत दरवर्षी होतात. केरळात कोल्लम जिल्ह्यात चवराला देवीचं देऊळ आहे. मार्चमध्ये तिथे चमयविळक्कू असतो. हजारो पुरुष नवसाने साडी नेसून, गजरे माळून हातात दिवे घेऊन उभे राहतात, आणि घरच्या बायकाच त्यांना नटवायला मदत करतात. ठाण्याहून नेत्रावती एक्सप्रेस थेट कोल्लमला जाते, म्हणजे अवघड काही नाही. पण ग्रुपवर तीन दिवस फक्त कोण कुठली साडी नेसणार यावरच चर्चा होते, तोवर वेटिंग लिस्ट लागते, आणि बेत पुढच्या वर्षावर. गोव्याच्या ट्रिपसारखंच. तुम्ही परत गेलात तर तुमच्या मंडळात हा विषय टाकून बघा. भारी गंभीर प्रश्नही त्यातूनच निघतात. देवीला चालतं तर आपल्या घरी का नाही, असं कुणीतरी हळूच म्हणतंच, भजी खाता खाता. तेव्हा बोला. तिथे गंभीर बोलायला बंदी नाही, त्याला दाराशी थोडं थांबावं लागतं इतकंच.

आता तुमच्या घरी. मी तुमच्या पत्नीच्या जागी असते तर मीही नुसतं बघितलं असतं. ज्या नवऱ्याने इतकी वर्षं एवढी गोष्ट पोटात ठेवली, तो तीन तास बाहेर राहून येतो आणि सांगतो 'गप्पा'. संशय यायलाच हवा. 'गप्पा' हे उत्तर नाही, ते उत्तराचं झाकण आहे. पुढच्या वेळी तपशील सांगा, समजा असे. एकीच्या टेलरने पास मागितले. एकजण निवृत्त आहे, तिच्या टाचा दुखतात म्हणून तिने साडीखाली कॅनव्हासचे बूट घातले होते. कुणाची मुलगी दहावीला आहे, क्लास लावू की नको यावर अर्धा तास गेला. भजी कांद्याची होती, मीठ कमी होतं. तुमच्या पत्नीला त्यातलं मीठ कमी असणं पटेल. खोटं सांगणारा माणूस मीठ कमी घालत नाही.

त्यांच्या अटी त्यांनी स्वच्छ सांगितल्या आहेत आणि मला त्या वाजवी वाटतात. मुलीसमोर नको म्हणाल्या, तर नको. सात वाजता येतो म्हणालात, तर सात. साड्यांवर खर्च किती होतो, तो आकडा दडवू नका. त्यांना भिशीला घेऊन जायची घाई मात्र करू नका. त्यांनी आपणहून विचारलं आणि तिथल्या सगळ्यांनी हो म्हटलं, तरच. आणि निऱ्या काढून देण्याची अपेक्षा तर बिलकूल ठेवू नका.

आजाराबद्दल त्यांना एक सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या यादीत विरुद्धलिंगी कपडे घालण्याच्या नोंदी होत्या. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत त्या काढून टाकल्या आहेत. नुसती साडी नेसणं हा आजार नाही. त्यापायी झोप उडणं, जीव घाबरणं, रडू येणं यावर मात्र मदत घ्यावी, १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. उद्या कधी असं वाटू लागलं, की साडी उतरवली तरी 'निघाले' उतरत नाही, ते घरीही, ऑफिसातही हवंय, तर तो वेगळा आणि मोठा विषय आहे. तेव्हा समुपदेशकाकडे जा, पत्नीला सांगून जा. तुमच्या पत्रात मला ते दिसलं नाही, पण मी पत्रच वाचलंय, तुम्हाला पाहिलेलं नाही.

पोलिसांची भीती अनाठायी आहे. बंद घरात कुणी काय नेसावं यावर कायदा नाही. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात निकाल दिला, तो तृतीयपंथीयांच्या हक्कांचा होता, पण पेहराव हा अभिव्यक्तीचा भाग आहे हे त्यात स्वच्छ लिहिलंय. वॉचमनला फक्त त्या भिशीत कधीच कुणाला साडेसात हजार कसे लागत नाहीत, हे कोडं पडलं असेल.

जपायचंय ते फोटोंना. आत शिरताना मोबाइल एका टोपलीत, असा नियम असेल तर उत्तम, नसेल तर तुम्ही सुचवा. खरं आडनाव, ऑफिस, मुलीची शाळा सांगायची गरज कुणालाच नाही. कधी कुणी फोटो दाखवून पैसे मागितले, तर एक रुपयाही न देता १९३० ला फोन करा आणि मेसेज पुसू नका.

इरकल पेटीत टाकली नाहीत ते फार बरं केलंत. पिशवी भरायची, शपथ घ्यायची, सगळं टाकून द्यायचं आणि सहा महिन्यांनी परत पहिल्यापासून खरेदी, हे तुमच्यातल्या बहुतेकांनी एकदा तरी केलेलं असतं. त्याला 'पर्ज' म्हणतात म्हणे. (सीडी म्हणजे गाण्यांची, एवढंच माहीत असलेल्या माझ्या पिढीला हे नवे शब्द तुम्हा मंडळींच्या पत्रांनीच शिकवले.) पर्ज करून कुणाची इच्छा गेल्याचं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. साड्या मात्र जातात, आणि चांगली इरकल काय भावाला येते हे तुम्हाला ठाऊक आहे.

राहिला तुमचा फालतू प्रश्न. तो मी शेवटी ठेवला, कारण त्याला जागा लागते.

रुंद खांद्याला फुग्याची बाही शत्रू. बोट नेकही नको, त्याची आडवी रेघ खांदा आणखी दोन इंच रुंद दाखवते. गळा व्ही किंवा खोल यू ठेवा, नजर वरून खाली जायला हवी. बाही साधी, कोपराच्या जरा वर, काठ बारीक. खांद्याची शिवण टेलरला अर्धा इंच आत घ्यायला सांगा, आणि 'रॅग्लन' बाही येत असेल तर तीच शिवायला सांगा, तिला खांद्यावर शिवणच नसते. छातीला पॅड वापरत असाल तर माप ते घालूनच द्या, नंतर घालून बघू म्हटलं की समोरची हुकं तुटतात. रंग गडद. इरकलीवर खणाचा उत्तम, पण खण ताणत नाही, म्हणून शिवणीच्या आत जादा कापड सोडायला सांगा, दोन्ही बाजूंना एकेक इंच.

पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलात तिथेच घोटाळा झाला. त्याने माणूस चौकोनी दिसतं. शिवाय इरकलीची सगळी शोभा तिच्या लाल टोपपदरात, आणि तोच तुम्ही गुंडाळून बगलेत दाबून टाकलात. डाव्या खांद्यावर घ्या, चार-पाच बारीक चुण्या घाला, पिन खांद्याच्या टोकाला न लावता गळ्याकडे दोन बोटं आत लावा. उरलेला मागे मोकळा सोडा, गुडघ्यापर्यंत येऊ दे. पिन ब्लाउजच्या आतून टोचा, म्हणजे वर नुसता ठिपका दिसतो. पहिल्यांदा जमणार नाही. खारघरला कुणालाही म्हणा, "अगं, जरा लावून दे गं."